हद्दीची रेघ

शहर वाढलं की शेजारचं गाव त्यात घ्यावं, आणि जितक्या लवकर घ्यावं तितकं बरं, असं माझं मत होतं. चहाच्या टपरीवर बनलेलं हे मत नव्हे. नोकरीची सगळी वर्षं मी मध्य प्रदेशात नगर नियोजनाच्या कामात मानचित्रकार म्हणून काढली. महाराष्ट्रात ज्याला आरेखक म्हणतात तेच हे पद. ट्रेसिंग कापडावर शाईने नकाशे काढण्याचा काळ मी पाहिला, पुढे तेच काम संगणकावर केलं. शहराची हद्द दाखवणारी ती तुटक रेघ मी किती गावांभोवती फिरवली असेल, याचा हिशेब ठेवलेला नाही. आज ते मत तसं उरलेलं नाही. अगदी उलटं झालंय असंही नाही. विलीनीकरणाला माझा आजही विरोध नाही, बिनशर्त विलीनीकरणाला आहे. इथवर मी कसा आलो, ते सांगायचं आहे.

आधी जुन्या मताची बाजू मांडतो, कारण ती लेचीपेची नव्हती. शहराच्या काठावरचं गाव म्हणजे नियोजनाच्या दृष्टीने सगळ्यात अडचणीची जागा. निगमची, म्हणजे महापालिकेची, हद्द संपते तिथे कॉलनीवाल्याचं राज्य सुरू होतं. शेताच्या खसऱ्यावर चुन्याच्या रेघा मारायच्या, डायव्हर्शन (बिनशेती) न करताच प्लॉट विकायचे, रस्ता पंधरा फुटांचा सोडायचा आणि नालीचं पाणी पुढच्या माणसाच्या शेतात सोडून द्यायचं. पंचायतीकडे ना इंजिनिअर, ना पैसा, ना अडवण्याची ताकद. दहा वर्षांनी तीच वस्ती शहराच्या गळ्यात पडते, तेव्हा तिथे पाण्याची लाइन टाकायलाही जागा नसते. मग आधीच का घेऊ नये? एक नकाशा, एक नळयोजना, एक मलजल योजना. भावनेचं काय, असं कोणी विचारलं की मी उज्जैनच दाखवायचो.

कारण आमचं हे शहर अशाच तुकड्यांचं बनलंय. सवाई जयसिंहांनी वेधशाळा बांधली तो जयसिंहपुरा, दौलतराव शिंद्यांच्या नावाचं दौलतगंज, रेल्वेच्या पलीकडे माधवराव शिंद्यांनी आखून वसवलेलं माधवनगर, ज्याला गावात कोणीही माधवनगर म्हणत नाही, फ्रीगंजच म्हणतात. आणि उत्तरेला क्षिप्रेच्या काठी भैरवगढ, बोलण्यात भेरूगढ. स्वतःची तटबंदी असलेलं, कालभैरवाच्या देवळाभोवतीचं हे ठिकाण शहरापासून बराच काळ अलग होतं, आज ते निगमच्या हद्दीत आहे. कोणाचं काय बिघडलं? मराठी माणसाने तर याबाबत रडूच नये, असं मी म्हणायचो. राणोजी शिंद्यांनी उज्जैन आपलं ठाणं केलं, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, आणि पुढे 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी उचलून ग्वाल्हेरच्या किल्ल्यापाशी नेली. तिथे फौजेच्या छावणीचंच गाव झालं, लश्कर. संस्थानाची राजधानी लश्कर, मोठा बाजार लश्करचा, सराफा लश्करचा. आज मात्र नकाशावर, रेल्वेच्या पाटीवर, निगमच्या नावात ग्वाल्हेर आहे. लश्कर त्यात विरून गेलं, तरी तिथल्या आमच्या नातेवाइकांचा लश्करपणा काही गेला नाही. मग एवढा गहजब कशाला, हा माझा सवाल असे.

या मताला पहिला तडा गेला तो एका लग्नात.

गावाचं आणि शहराचं नाव सांगत नाही. निवृत्तीनंतर एका ओळखीच्या घरच्या लग्नाला गेलो होतो. ते गाव शहरात घेतलं गेलं त्या वेळी वार्डांच्या नकाशावर मी काम केलं होतं. वार्डांची लोकसंख्या शक्यतो सारखी हवी असा नियम आहे आणि तो रास्तच आहे. गाव एका वार्डात बसवलं तर तो वार्ड फुगत होता. म्हणून गावाच्या मधल्या रस्त्यावरून रेघ नेली. रस्ता, नाला, रेल्वेलाइन ही वार्डाच्या सीमेसाठी चांगली खूण समजली जाते, जमिनीवर शोधावी लागत नाही. कागदावर काम स्वच्छ दिसत होतं.

जेवणाच्या पंगतीनंतर यजमानांनी मला गाव दाखवलं. रस्त्याच्या अलीकडे हनुमानाचं देऊळ, पलीकडे तलाव. मारुतीच्या जत्रेची आंघोळ त्या तलावात व्हायची. आता तलाव एका पार्षदाकडे, म्हणजे नगरसेवकाकडे, आणि देऊळ दुसऱ्याकडे. गाळ काढायचा म्हटलं की एक म्हणतो माझ्या वार्डात फक्त काठ येतो, दुसरा म्हणतो माझ्याकडे जत्रा भरत नाही. त्याहून मोठी गोष्ट पुढे कळली. गावाचे दोन तुकडे ज्या दोन वार्डांत गेले, त्या दोन्हींत नव्या कॉलन्यांचे मतदार जास्त. म्हणजे गाव एकत्र असतं तर त्याने आपल्यातला एक माणूस सहज निवडून आणला असता, पण दोन्ही बाजूंना ते अल्पमतात. विलीनीकरणानंतर त्या गावचा एकही माणूस पार्षद झाला नव्हता. सरपंच असताना लोक सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन भांडायचे. आता भांडायला ओटाच नव्हता.

नियमात खोट नव्हती, माझ्या कामातही नव्हती. तरीही गावाचं सार्वजनिक आयुष्य एका रेघेने दोन्हीकडून निकामी झालं होतं. तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की झाली. गाव जातं ते हद्दीच्या रेघेने नव्हे. हद्दीच्या आत पुढे जी वार्डाची रेघ पडते, त्या रेघेने ते जातं. हद्दीच्या रेघेवर मोर्चे निघतात, पेपरात बातम्या येतात. वार्डाची रेघ कोणी पाहत नाही.

मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जी रोज समोर असूनही दिसली नव्हती. जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावाची एक ओळ असते: घरं किती, माणसं किती, शाळा आहे का, पिण्याचं पाणी कुठून येतं, दवाखाना किती लांब. आमचं निम्मं काम त्या तक्त्यांवर चालायचं. गाव शहरात गेलं की पुढच्या जनगणनेत ती ओळ नाहीशी होते, आकडे वार्डात मिसळतात. आता कोणी विचारलं की शहरात आल्यावर या गावाला नळ मिळाला का, मुलींची शाळा सुटली का, रोजगार वाढला का, तर उत्तर देणारा तक्ताच नाही. विलीनीकरणाने भलं झालं असं मी इतकी वर्षं कशाच्या बळावर म्हणत होतो? शहराच्या सरासरीच्या. आणि सरासरीत गाव कुठे आहे ते दिसत नाही.

त्यानंतर मी भैरवगढकडेही नव्या नजरेने पाहू लागलो. महाकालापासून चार-पाच किलोमीटर. देवळाच्या रस्त्यावर प्रसादाच्या टोपलीत नारळ-फुलांबरोबर, 2025 च्या बंदीपर्यंत, दारूची बाटलीही ठेवणारी दुकानं, पुढे मध्यवर्ती कारागृह, पलीकडे सिद्धवट. आणि गल्ल्यांमध्ये छिपा समाजाचे छपाईचे कारखाने. एका ओळखीच्या कारागिराकडे जाऊन बसलो. गरम मेणाची कढई, शेजारी रंगाच्या टाक्या, भिंतीला लाकडी ठप्पे. तो कलम मेणात बुडवायचा आणि पसरलेल्या कापडावर न थांबता वेल काढत जायचा. मेण निवायच्या आत हात पुढे सरकला पाहिजे. जिथे मेण लागलं तिथे रंग चढत नाही. मग कापड मुद्दाम चुरगळतात, मेणाला तडे जातात आणि त्या तड्यांतून रंग शिरून बारीक रेघांचं जाळं उमटतं. शेवटी उकळत्या पाण्यात कापड घालून मेण सोडवतात, वर तरंगलेलं गोळा करून पुन्हा कढईत घालतात. बाटिकचं हे काम भेरूगढचं म्हणूनच माळव्यात ओळखलं जातं.

या कलेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नोंद झाली ती उज्जैन बाटिक प्रिंट या नावाने. माझ्यासारख्याला हे खुपलं. आमच्याच प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बागची छपाई बागच्या नावाने नोंदली गेली, चंदेरीची साडी चंदेरीच्या, महेश्वरची महेश्वरच्या. ही ठिकाणं मोठी नाहीत, पण आपापल्या जागी वेगळी उभी आहेत. भेरूगढ शहरात असल्यामुळे त्याचं कापड शहराच्या नावे गेलं, असं मी तावातावाने बोललो. कारागिराने कलम मेणात बुडवली आणि तो म्हणाला, ‘‘बाबूजी, नाम उज्जैन का, काम भेरूगढ का। ग्राहक तो उज्जैन ही आता है, भेरूगढ तो उसको हम लाते हैं।’’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. महाकालला येणारा माणूस उज्जैन ओळखतो. 2022 च्या ऑक्टोबरात ‘महाकाल लोक’ हा देवळालगतचा नवा परिसर सुरू झाल्यापासून गर्दीला सुमार नाही, आणि त्यातला काही ओघ कालभैरवाकडे वळतो. नावाबद्दल जेवढी खंत मला होती तेवढी त्याला नव्हती. त्याची तक्रार दुसरीच होती. छपाईला पाणी लागतं आणि रंगाचं सांडपाणी शुद्ध करून सोडायची सोय लागते. ही त्याच्या एकट्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही. ती शहरानेच करायची. त्या दिवशी माझं मत आणखी थोडं सरकलं, मात्र मी जिकडे निघालो होतो त्याच्या विरुद्ध बाजूला. शहरात असण्याचा उपयोग नाव मिळण्या-जाण्यात नसतो, पाइपात असतो. पाइप आला तर माणूस नाव सोडून द्यायला तयार असतो. नाव गेलं आणि पाइपही आला नाही, की मग तो उठतो.

तो कसा उठतो हे पुण्यात दिसलं. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या वाट्याला पुणे शहर आधी आलं ते कचऱ्याच्या रूपाने. गावं महापालिकेत नव्हती तेव्हाही शहराचा कचरा डेपो तिथे होता. 2017 मध्ये 11 गावं पुणे महापालिकेत गेली, त्यांत ही दोन होती. 2021 मध्ये आणखी 23 गावं गेली आणि पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झाली. पण सोयी येण्याआधी मिळकतकराची बिलं आली. लोकांनी ओरड केली, आणि 2024 मध्ये या दोन गावांची वेगळी नगरपरिषद झाली. मोठेपणाचा बोलबाला चालू असतानाच दोन गावं बाहेर पडली. कल्याण-डोंबिवलीच्या 27 गावांचं तर भिजत घोंगडंच आहे. 1983 मध्ये आत, 2002 मध्ये बाहेर, 2015 मध्ये पुन्हा आत, आणि त्यानंतरही त्यांतली काही वेगळी काढण्याचा वाद कोर्टात गेला. पूर्वी या बातम्या वाचून मी राजकारण म्हणून पान उलटायचो. राजकारण आहेच. पण एकाच गावाची रेघ पुनःपुन्हा खोडून काढावी लागते, तेव्हा पहिल्यांदा ती काढताना काहीतरी विचारायचं राहून गेलं होतं, एवढं आरेखकाला तरी कळायला हवं.

जपानचं उदाहरण मला भाचीमुळे कळलं. ती तिकडे नागाओका शहरात शिकायला होती. एकदा तिने रंगीत कोई माशांच्या तळ्यांचे आणि बैलांच्या झुंजीचे फोटो पाठवले आणि लिहिलं, ‘मामा, तुमच्या कामाची गोष्ट आहे.’ गावाचं नाव यामाकोशी. डोंगरातलं, साधारण 2,200 वस्तीचं. 23 ऑक्टोबर 2004 ला तिथे मोठा भूकंप झाला, रस्ते तुटले, अख्खं गाव हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. माणसं नागाओकातल्या तात्पुरत्या घरांत राहत होती आणि त्याच अवस्थेत 1 एप्रिल 2005 ला त्यांची ग्रामपालिका नागाओका शहरात विलीन झाली. गावात परतायच्या आधी गाव कागदावरून गेलं.

त्या काळात जपानभर हीच लाट होती. मार्च 1999 अखेर तिथे 3,232 नगरं-गावं होती, मार्च 2010 अखेर 1,727 उरली. विलीन होणाऱ्यांना खास कर्जरोखे काढायची मुभा होती आणि परतफेडीचा 70 टक्के भार केंद्र सरकार उचलत होतं. लोकसंख्या घटतेय, तिजोरीत खडखडाट आहे, मोठं युनिट स्वस्त पडेल, असा हिशेब. हिशेब माझ्या ओळखीचा होता. जुनी गावकचेरी शाखा कार्यालय बनते, तिथले कर्मचारी कमी होत जातात, आणि निर्णय दूरच्या इमारतीत होतात, हेही ओळखीचंच. फुकुशिमा प्रांतातल्या यामात्सुरी या छोट्या गावाने मात्र 2001 मध्येच आम्ही विलीन होणार नाही असा ठराव केला. पुढे खर्च भागवायला तिथल्या प्रतिनिधींनी मासिक मानधन सोडून बैठकीच्या दिवसापुरता भत्ता घेणं पत्करलं. वेगळं राहायचं तर त्याची किंमत आपल्याच खिशातून द्यावी लागते, हे त्यांना माहीत होतं.

यामाकोशीबद्दल मला नवल वाटलं ते दोन गोष्टींचं. तात्पुरत्या घरांची वाटणी करताना एका वाडीतली कुटुंबं एकमेकांच्या शेजारी राहतील अशी काळजी घेतली गेली. माझ्या वार्डाच्या रेघेला जे जमलं नव्हतं, ते तिथे तात्पुरत्या घरांच्या रांगांनी साधलं. आणि दुसरी गोष्ट, विलीन होऊन सोळा वर्षं झाल्यावर, 2021 च्या डिसेंबरात, वस्ती हजाराच्याही खाली आलेल्या या गावाने कोई माशाच्या चित्राचं एक डिजिटल टोकन विकायला काढलं. ते घेणारा जगात कुठेही असो, गावाचा डिजिटल रहिवासी. थोड्याच काळात असे रहिवासी खऱ्या रहिवाशांपेक्षा जास्त झाले. ग्रामपालिका गेली, पण वाड्या एकत्र राहिल्या आणि मासे राहिले. त्यामुळे बाहेरच्या जगाशी बोलायला यामाकोशीकडे स्वतःचा आवाज उरला.

इथवर येऊन मी जवळजवळ विलीनीकरणाच्या विरोधकांत जमा झालो होतो. तिथून मला मागे ओढलं ते नदीने.

उज्जैनच्या क्षिप्रेची दशा बाहेरच्या माणसाला सिंहस्थात दिसत नाही. इंदूरचं सांडपाणी वाहून आणणारी कान्ह नदी त्रिवेणीवर, शहराच्या दक्षिणेला, क्षिप्रेला मिळते. स्नानाच्या घाटांवर हे पाणी येऊ नये म्हणून 2016 च्या सिंहस्थाआधी राघोपिपल्याला कान्ह अडवून मोठ्या पाइपातून ती शहराला वळसा घालून नेली आणि कालियादेह महालापाशी पुन्हा नदीत सोडली. म्हणजे घाट वाचले आणि घाण भैरवगढच्याही पुढे, खालच्या गावांकडे गेली. पावसाळ्यात पाइपाला न जुमानता कान्ह येतेच. त्यावर पुन्हा नवी, बंद नलिकेची योजना आली. इंदूर स्वच्छतेचे पुरस्कार घेतं, उज्जैन नर्मदेचं पाणी नर्मदा-क्षिप्रा लिंकने आणून पर्वस्नान उरकतं, आणि खालच्या गावांना विचारणारं कोणी नाही. प्रत्येक संस्थेचं काम तिच्या हद्दीपाशी संपतं आणि नदी हद्द ओलांडून पुढे जाते. इथे हद्दी वेगळ्या असणं ही अस्मिता नव्हे, ती हात झटकण्याची सोय आहे.

म्हणून 2025 मध्ये मध्य प्रदेशात महानगर क्षेत्राचा कायदा झाला आणि इंदूर, उज्जैन, देवास, धार यांचं एक क्षेत्र आखायचं ठरलं, तेव्हा माझी प्रतिक्रिया दुहेरी होती. नकाशावाला म्हणून मला ते पटलं. महानगर क्षेत्र म्हणजे निगमांचं विलीनीकरण नव्हे, नियोजन एकत्र करायचं आहे, आणि कान्हसारखा प्रश्न त्याशिवाय सुटणार नाही. पण उज्जैनकर म्हणून पोटात कालवलं. उद्या इंदूरच्या नकाशावर आमचं शहर एका कोपऱ्यात दिसणार, महत्त्वाच्या बैठका तिकडे होणार, आणि ‘उज्जैनला काय, देवस्थान आहे’ म्हणून धर्मशाळा आणि पार्किंग आमच्या वाट्याला येणार, अशी धास्ती कट्ट्यावरच्या प्रत्येकाने बोलून दाखवली. त्यात मीही होतो. भेरूगढच्या माणसाला मी जे प्रश्न कधी विचारू दिले नव्हते, ते आता माझ्याच तोंडी आले. आमचं कोण ऐकणार? आमचा माणूस तिथे असेल का? पाणी आधी की कर आधी?

हे प्रश्न विरोधाचे नाहीत, ते अटींचे आहेत. आणि अटी पाळून एकत्र येता येतं, याचा पुरावा याच शहरात दर वर्षी रस्त्यावरून जातो. महाकालाची सवारी श्रावणातल्या सोमवारी निघते. आता श्रावण कोणाचा? उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावस्येला. त्यामुळे हिंदी श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. शिंदेशाहीत मराठी पंचांग देवळात आलं तेव्हा एकाचा श्रावण ठेवून दुसऱ्याचा पुसता आला असता. तसं झालं नाही. सवारी हिंदी श्रावणाच्या पहिल्या सोमवारी सुरू होते आणि हिंदी पंचांगात भाद्रपद लागल्यावरही, मराठी श्रावण संपेपर्यंत चालू राहते. लोक त्याला श्रावण-भादोची सवारी म्हणतात. पालखी रामघाटावर जाते, परतताना शिंद्यांच्या गोपाळ मंदिरापाशी तिची पूजा होते. शिवनवरात्रात त्याच महाकालाच्या आवारात नारदीय कीर्तन होतं, हिंदी ऐकणाऱ्यांच्या गर्दीत. भैरवगढात कालभैरव आजही शिंदे घराण्याची पगडी घालतो आणि त्याची स्वतःची सवारी निघते, ती कारागृहाच्या दारावरून सिद्धवटाकडे. निगम एक आहे, सवाऱ्या दोन आहेत. देव महाकालाचा सेनापती म्हणवतो, पण आपली वेशीतली फेरी त्याने सोडलेली नाही.

इथे दोघांचा हिशेब धरला गेला, म्हणून हे टिकलं. ज्याचा दिवस होता त्याचा तो राहिला आणि खर्च, गर्दी, रस्ता सगळ्यांचा झाला. आमच्या कार्यालयांत विलीनीकरण याच्या उलट होतं. खर्च गावाकडे आधी जातो, हिशेब शहराकडे.

तर आता माझ्या मते गाव शहरात घेताना पाच गोष्टी लेखी ठरल्या पाहिजेत. एक, गाव एकाच वार्डात बसवावं. लोकसंख्या जुळत नसेल तर कॉलन्या तोडाव्यात, गाव तोडू नये. कॉलनीला तलाव नसतो आणि जत्राही नसते. दोन, त्या वार्डाला गावाचं नाव द्यावं आणि निगमच्या वार्षिक अहवालात त्या जुन्या गावाची एक वेगळी ओळ निदान वीस वर्षं ठेवावी: नळ किती घरांत, मलजलाची जोडणी किती घरांना, शाळेत मुलं किती. तीन, पूर्ण कर सुरू होण्याआधी पाणी यावं. पाणी येईपर्यंत पंचायतीच्या दरापेक्षा जास्त घेऊ नये. चार, गावची गोचराची जमीन, तलाव आणि मसणवट यांचा वापर बदलायचा असेल तर त्या वार्डातल्या लोकांची सभा घ्यावी. पाच, नदी आणि नाला जिथे हद्द ओलांडतो तिथे वरच्या शहराची जबाबदारी खालच्या गावापर्यंत मोजावी. हे पाचवं कलम सगळ्यात अवघड आहे आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचं. ते नसेल तर महानगर क्षेत्र म्हणजे फक्त मोठा कागद.

या अटी मान्य असतील तर गावांनी शहरात जावं, खुशाल जावं. वेगळी पंचायत ठेवून कॉलनीवाल्याच्या हाती जमीन सोपवण्यापेक्षा ते हजारपट बरं. अटी मान्य नसतील तर थांबावं, आणि थांबण्याची किंमत काय पडेल ते यामात्सुरीकरांसारखं आधीच मोजून ठेवावं. भावनेचा प्रश्न म्हणून मी ज्याची टर उडवत होतो, तो निघाला नळाचा, मताचा आणि तक्त्यातल्या ओळीचा प्रश्न.

हद्द किंवा वार्ड बदलायचा झाला की प्रारूप अधिसूचना निघते आणि दावे-हरकतींसाठी काही दिवसांची मुदत असते. माझ्या नोकरीत त्या मुदतीत येणारे अर्ज बहुतेक बिल्डरांचे आणि इच्छुक उमेदवारांचे असत, गावाचे क्वचितच. म्हणून तुमच्या गावाचं नाव अशा अधिसूचनेत आलं, तर मोर्चाच्या आधी कार्यालयात जा, वार्डाचा नकाशा मागा, रेघ कुठून जाते ते बोट ठेवून पाहा, आणि ती गावाच्या मधून जात असेल तर मुदत संपायच्या आत लेखी हरकत देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं फाइलला लागत नाही.